बिनखिशाचा गणवेश

कंपनीच्या गणवेशाला खिसे नाहीत.
पहिल्या दिवशी हात दोनदा घसरला मांडीवरून,
अंधारात पायरी चुकावी तसा.

जुन्या पांढऱ्या कोटाला तीन होते.
उजवा थर्मामीटरचा, डावा चिरीमिरीचा,
आतला मी स्वतः शिवलेला,
डॉक्टरांच्या वाट्याचा.
खोटं कशाला बोलू,
नारीनच्या हिवाळ्यात पगारात कोळसा बसत नव्हता.
लोक नोटा आणत. नोटा नसल्या तर कुरुत,
दह्याचे ते खारट वाळके गोळे, फडक्यात बांधून.
एकाने तर मेंढ्याची अख्खी तंगडी आणलेली,
दगडासारखी गोठलेली, काखेत मारून:
"ताई, बापाला आधी लावा मशीनवर."
मी लावायची.
उरलेले बाकावर बसत. त्यांचे घोटे सुजत.
एकीच्या घोट्यात माझं बोट रुतलं होतं,
तो खड्डा बराच वेळ भरलाच नाही.

मग करार झाला. इमारत सरकारची,
यंत्रं कंपनीची, बिल सरकारच्या नावावर.
कोण किती तास, किती लिटर,
यंत्रच मोजतं, यंत्रच राजधानीला कळवतं.
पडद्यावर नाव उजळलं की दार उघडतं.
पगार तिप्पट, पाच तारखेच्या आत.
घरी कोळसा आला. मुलगा म्हणाला,
"आई, आता तू झोपेत पुटपुटत नाहीस."

तोक्तोसून आजोबांना मात्र ते पटेना.
काल्पाकच्या घडीतून नोट काढून
ते दर मंगळवारी उभे.
"घे की, सालकिन."
"नाही घेत आजोबा. खिसाच नाही."
"अगं, तू घेतलंस तर तू मला ओळखतेस.
हा पडदा मला कुठं ओळखतो?"
मी हसले. सुई टोचली.
हसू ओठावरच राहिलं.

कारण करारात छत्तीस माणसं आहेत.
सदतिसावी जिपार, वय एकोणीस,
अत-बाशीहून दुधाच्या गाडीत बसून आली,
अंगाला लघवीचा वास, ओठ राखेचे.
पडदा म्हणाला: नोंद नाही.
मी पुन्हा टाइप केलं: नोंद नाही.
पूर्वी असं कुणी आलं तर,
हो, पैशाने, पण कधीकधी पैशाशिवायही,
रात्रीच्या पाळीत एक नळी मी चुकून मोकळी ठेवायची.
ज्या फटीतून लाच यायची
तिच्यातूनच कधीतरी दयाही आत यायची, अंग चोरून.
फट बुजवली. छान बुजवली.
वाराही येत नाही आता.

एलेबेस साहेबांना विचारलं, ते कंपनीचे.
म्हणाले, आकडा सरकारचा.
आरोग्य खात्यात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या,
आकडा करारातला.
करार दाखवा म्हटलं.
दाखवला.
सातव्या पानावर अर्ध्या ओळी काळ्या, शाईने पुसलेल्या.
मी त्या काळ्या पट्ट्या बराच वेळ बघत बसले.
शिवणकाम मला कळतं.
आतला खिसा बाहेरून असाच दिसतो,
नुसती एक सरळ शिवण.

जिपारला बिश्केकला पाठवलं,
खिंड उघडी होती म्हणून. पोचली.
पुढचं अजून कळलेलं नाही.

त्या रात्री दिवा लावला, गणवेश उलटा केला,
आणि छातीपाशी खिसा शिवला,
वहीचं एक पान मावेल एवढाच.
त्यात नावं आहेत: सदतीस, अडतीस, एकोणचाळीस.
चाळिसावा सुतार आहे, बोलता येत नाही त्याला,
नाव त्यानेच हातावर लिहून दाखवलं.

गुरुवारी देखरेख समितीची बैठक.
टेबलाच्या एका बाजूला सरकार, एका बाजूला कंपनी,
मधे पाण्याच्या बाटल्या.
मला चहा द्यायला बोलावलंय.
"सालकिन," एलेबेस साहेब दारातच म्हणाले,
"हा खिसा नियमात बसत नाही."

माहीत आहे, म्हटलं.
आणि आत हात घातला.